ऑनलाइन दिसतो, पण उत्तर देत नाही

“मेसेज वाचलाय, ऑनलाइनही दिसतोय, मग उत्तर का देत नाही?” ही तक्रार पूर्वी माझ्याकडे समुपदेशनासाठी प्रेमात पडलेली पोरं घेऊन यायची. हल्ली आयाही येतात.

सांगलीच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एकुलता मुलगा बंगळुरूला, काम अमेरिकेच्या वेळेनुसार. काकूंना घेऊन आले काका, आणि निदानही तेच घेऊन आले: “हिला मोबाइलचं व्यसन लागलंय.”

व्यसन हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ पासून लागू झालेलं आजारांचं वर्गीकरण पाहिलं, तर त्यात गेमिंगचा विकार आहे; सोशल मीडियाच्या व्यसनाचं वेगळं निदान नाही. अर्थात, म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मी काकूंना किती तास बघता हे न विचारता काय बघता ते विचारलं. रील्स नाहीत, रेसिपी नाहीत. त्या व्हॉट्सॲपवर मुलाचं ‘लास्ट सीन’, म्हणजे तो शेवटचा कधी ऑनलाइन होता ते, बघत होत्या. रात्री दीड-दोनला जाग आली की आधी तेच. आणि अलीकडे ते दिसेनासं झालं होतं.

“मॅडम, त्यानं मला ब्लॉक केलं हो,” एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

ब्लॉक केलं असतं तर मेसेज एका खुणेवर अडकले असते. काकूंच्या मेसेजवर दोन खुणा होत्या, निळ्याही होत होत्या. मुलानं ‘लास्ट सीन’ सगळ्यांसाठीच बंद केलं होतं. व्हॉट्सॲपवर निळी खूण नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. ती फक्त मेसेज उघडल्याचं सांगते. ‘ऑनलाइन’ म्हणजे ॲप उघडं आहे. समोर ऑफिसचा ग्रुप असेल नाहीतर साहेबांचा मेसेज. ‘म्हणजे मोकळा आहे, म्हणजे मला टाळतोय’ हे आपण पदरचं जोडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना, त्याबद्दलचा आपला समज आणि होणारा परिणाम असे तीन भाग वेगळे करतात. काकूंना तेच वहीत लिहायला सांगितलं. पहिल्याच पानावर घटनेच्या रकान्यात त्यांनी लिहून आणलं, ‘त्याला माझी किंमत नाही.’ ही घटना नव्हे, हे समजायला पुढच्या दोन भेटी गेल्या. तसा वेळ लागतोच.

मग त्यांचे मेसेज त्यांच्यासोबतच पाहिले. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार, दुपारी ‘जेवलास का’, चतुर्थीला गणपती. “काकू, या फुलाला त्यानं काय उत्तर द्यायचं?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अंगठा तरी द्यावा.” एवढ्यावर भागलं असतं हे बहुधा मुलाला माहीतच नव्हतं.

त्यांच्या परवानगीनं मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ‘लास्ट सीन’ त्यानं ऑफिसमधल्या लोकांमुळे बंद केलं होतं. सुट्टीच्या दिवशीही ‘तू ऑनलाइन होतास ना’ असं ऐकावं लागायचं. पुढचं ऐकून मात्र काकू गप्पच झाल्या. “आधी आई मला रात्री दीडला ऑनलाइन दिसायची. झोप लागत नाही का विचारलं, तर म्हणायची, लागते की. म्हणून रात्री उत्तर देणंच थांबवलं, फोन वाजून तिची झोप मोडायला नको.”

मुलगा म्हणाला, “आईपुरतं चालू करून देतो.” मी नको म्हटलं. बघितलं की क्षणभर बरं वाटतं आणि तेवढ्यासाठीच पुन्हा बघावंसं वाटतं. काळजीला असं खाद्य मिळत राहिलं की ती वाढते. काकूंना हे अजिबात आवडलं नाही. शेवटी ठरलं ते असं: त्याचं उठून आवरलं की दुपारी चारला, चहाच्या वेळी, फोन. महत्त्वाचं असेल तर मेसेजची वाट न बघता सरळ कॉल. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला.

चारचा फोन कधीकधी चुकतो, मग काकूच लावतात. दीडची जाग अजून येते. मोबाइल हाताशी नसतानाही येते म्हटल्यावर त्यांना फॅमिली डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय. काका अजून व्यसनच म्हणतात. पुढच्या भेटीला त्यांनाही आत बोलावणार आहे.