मिस्टरांचा कमरेच्या आजाराचा डिसेबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झालाय, अपील करून काही उपयोग होतो का?

ताई, होतो. मी स्वतः यातून गेलोय म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलंय की मिस्टर 17 वर्षं सर्विस करून आर्मीतून आले, एमआरआयमध्ये डिस्क सरकलेली दिसते, रिलीज मेडिकल बोर्डानं (नोकरी सोडताना तपासणारं डॉक्टरांचं मंडळ) 20 टक्के डिसेबिलिटी दिली पण पुढे 'नाना' लिहिलं आणि आता रेकॉर्ड ऑफिसचं नामंजुरीचं पत्र आलंय. नाना म्हणजे 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड', आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. तुमचं भांडण या एका शब्दाशी आहे. कंबर दुखते हे त्यांनी मान्य केलेलंच आहे, ते अपिलात परत परत सांगू नका.

मी नेमकं तेच केलं होतं. इन्फंट्रीत मॉर्टर प्लाटूनला होतो, 81 एमएमची बेस प्लेट पाठीवर घेऊन डोंगर चढायचो, 2009 ला उतरताना पाय सटकला आणि कमरेत अशी चमक भरली की दोघांनी धरून खाली आणलं. एमआय रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) गोळ्या मिळाल्या, तीन दिवस आराम, झालं. इंज्युरी रिपोर्ट कुणी भरला नाही आणि मीही मागितला नाही, कारण कंबर दुखते म्हणणाऱ्याकडे सगळे कामचुकार म्हणून बघतात. पुढे पाय बधिर व्हायला लागला तेव्हा पीस स्टेशनला (सीमेपासून लांब, शांत ठिकाणच्या पोस्टिंगला) होतो, लो मेडिकल कॅटेगरी म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा शेरा तिथे लागला, आणि 2017 ला घरी येताना बोर्डानं लिहिलं की आजार डीजनरेटिव्ह म्हणजे झिजेमुळे झालेला आहे, पीस एरियात सुरू झाला, सर्विसशी संबंध नाही. मी पहिल्या अपिलात पानभर दुःख लिहिलं, घरची परिस्थिती, मुलीचं शिक्षण, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. नामंजूर. मग आमच्या गावातले एक रिटायर सुभेदार साहेब म्हणाले, बोर्डाचा कागद वाचलास का? वाचलाच नव्हता.

तर पहिलं काम ते करा. रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कॉपी (फॉर्म एएफएमएसएफ-16) आणि भरतीच्या वेळचे मेडिकल कागद रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा, देत नसतील तर आरटीआय टाका. त्यात तीन गोष्टी बघा. भरतीच्या वेळी मणक्याबद्दल काही नोंद आहे का, बहुतेक नसणारच, फिट होते म्हणून तर घेतलं. सीओनं (कमांडिंग ऑफिसरनं) ड्युटीबद्दल काय लिहिलंय. आणि नाना म्हणताना बोर्डानं कारण काय दिलंय, बरेचदा तिथे एक ओळ असते, तीही छापील वाटावी अशी.

सगळी लढाई त्या एका ओळीवर आहे. सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती सर्विसमुळे बिघडली असं धरायचं, संबंध नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायची, सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही आणि शंकेचा फायदा त्याला. ती केस फिट्सची, म्हणजे आकडीची होती पण तत्त्व कमरेलाही लागतं. पीस एरियाचं म्हणाल तर त्याच निकालात मेडिकल सर्विसेसच्या नियमावलीतला नियम 423 दिलाय, की कारण फील्डमध्ये घडलं की पीसमध्ये यानं फरक पडत नाही. हे वाचून मी खरंच अर्धा तास गप्प बसून होतो. मात्र मिस्टर 21 सप्टेंबर 2023 ला किंवा नंतर बाहेर आले असतील तर त्यांना 2023 चे नवे नियम लागतात, मग आधी वकिलाला तारीख सांगा.

अपिलात त्यांची ट्रेड, कुठली पोस्टिंग किती वर्षं, रोज काय उचलायचे किंवा कुठली गाडी चालवायचे, एमआय रूमला पहिल्यांदा कधी गेले, हे तारखेसकट लिहा. इंज्युरी रिपोर्ट असेल तर सोनं आहे. नसेल तर सोबत असलेल्या एकदोघांचं ॲफिडेव्हिट जोडा, मी जोडलं होतं. खोटं किंवा वाढवून एक शब्द नको, जुन्या कागदाशी जुळलं नाही तर बाकीच्या खऱ्यावरही विश्वास राहत नाही.

पहिलं अपील नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत, दुसरंही तसंच, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी बेंच मुंबईत. अपिलावर सहा महिने उत्तरच नाही आलं तरी ट्रिब्युनलला जाता येतं. उशीर झाला असेल तरी सोडू नका, फक्त एरिअर्स साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांचे मिळतात (2008 चा तरसेम सिंग निकाल), म्हणजे जितकं थांबाल तितके पैसे जातील.

पैशांचं सांगतो, कारण 20 टक्क्यांत काय मिळणार म्हणून लोक सोडून देतात. डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे डिसेबिलिटीसाठी मिळणारी रक्कम, 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतं. पगार 50,000 धरला तर 20 टक्क्यांचे महिना 3,000 होतात, पण ब्रॉड बँडिंगमध्ये (टक्केवारी वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेण्याची पद्धत) 20 चं 50 धरतात म्हणजे 7,500, सर्विस पेन्शन सोडून वेगळे. पूर्ण टर्म करून रिटायर झालेल्यांनाही हे मिळतं, 2014 च्या राम अवतार निकालानंतर.

माझं दुसरं अपीलही फेटाळलं गेलं होतं, ट्रिब्युनलला 2020 मध्ये गेलो आणि 2023 ला ऑर्डर मिळाली, 20 चं 50 करून. म्हणजे वेळ लागतो, मनाची तयारी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात, तिथे एकदा जाऊन या. आणि बोर्डाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते नाव-नंबर झाकून इथे टाका, त्याला उत्तर काय लिहायचं ते आपण बघू.