लाँड्रीच्या खिडकीतला स्कोअर

प्रश्न : माझी लेक लॉस एंजेलिसला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा डॉजर स्टेडियमकडे जाताना ‘विन स्कली अव्हेन्यू’ अशी पाटी दिसली. मला वाटलं, कोणी मोठा खेळाडू असणार. जावई म्हणाला, “नाही आई, कॉमेंट्री करायचे.” नुसतं बोलणाऱ्या माणसाचं नाव रस्त्याला? मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी सांगाल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधीच कबूल करतो, या माणसाबद्दल मी तटस्थ नाही. मी पंचवीस वर्षं क्लबच्या सामन्यांची स्कोअरबुकं भरली आणि अधूनमधून मैदानावरच्या माइकवर बोललोही. तेव्हा माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ श्वास घ्यायलासुद्धा थांबत नसत. विकेट पडली की लोकांच्या आधी हेच ओरडायचे. म्हणून स्कली ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की गप्प बसणं हाही कॉमेंट्रीचाच भाग असतो.

जन्म 1927 चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधला. घरात चार पायांचा उंच रेडिओ होता. पोरगा त्याच्याखाली उशी टाकून आडवा व्हायचा, हाताशी दूध आणि खारी बिस्किटं. कॉलेजच्या फुटबॉल सामन्यातला गर्दीचा गलका वरून अंगावर कोसळायचा. सामना कोणाचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, त्याला तो गलका हवा असायचा. पुढे आयुष्यभर ऐन मोक्याच्या क्षणी तो स्वतः थांबला आणि गर्दीला बोलू दिलं, त्याचं मूळ त्या उशीत आहे असं मला वाटतं.

1950 साली तो ब्रुकलिन डॉजर्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या बेसबॉल संघाच्या, कॉमेंट्रीला बसला. हाताखाली घेणारे गुरू होते रेड बार्बर. 1955 मध्ये ब्रुकलिनने पहिल्यांदाच वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. सगळं गाव वेडं झालं असताना स्कली एवढंच म्हणाला, की ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाले आहेत, आणि गप्प झाला. इतका शांत कसा राहिलास, असं नंतर लोकांनी विचारलं. तर म्हणे, आणखी एक शब्द बोललो असतो तर रडू फुटलं असतं.

1958 मध्ये संघ बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिसला गेला. तिथे सुरुवातीचे सामने कोलिझियममध्ये व्हायचे. ते ऑलिंपिकचं अवाढव्य स्टेडियम, मागच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढे दिसत. म्हणून लोक मैदानात बसूनही ट्रान्झिस्टर कानाला लावत. (आपल्याकडे ब्रेबॉर्नवर, वानखेडेवर हेच चालायचं की!) 1960 साली स्कलीने रेडिओवरून सांगितलं, आज अंपायर फ्रँक उमाँट यांचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की सगळे मिळून शुभेच्छा द्या. आणि अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडलं. बिचारे अंपायर चक्रावलेच असणार.

माझा सर्वांत लाडका तुकडा 9 सप्टेंबर 1965 चा. डॉजर्सचा सँडी कोफॅक्स शिकागो कब्सविरुद्ध पिचिंग (आपल्या भाषेत गोलंदाजी) करत होता. नऊ इनिंगमधले सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद करायचे आणि एकालाही धावताना लागणाऱ्या पहिल्या थांब्यावर, म्हणजे पहिल्या बेसवर, पोचू द्यायचं नाही, याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. शेवटच्या इनिंगमध्ये स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगू लागला. ही टेप पुढे कोफॅक्सला ऐकायला मिळाली तर त्यात तारीख आणि वेळ असावी, हा त्यामागचा हिशेब. मैदानात एकोणतीस हजार माणसं आणि दहा लाख फुलपाखरं आहेत, असं तो म्हणाला. लोकांच्या पोटात उठलेल्या गोळ्यांची ही फुलपाखरं. शेवटचा बॅटर चुकला. त्यानंतर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ फक्त गर्दीचा आवाज. मग पुन्हा वेळ : रात्रीचे 9 वाजून 46 मिनिटं. आणि शेवटी स्कोअरबुक भरणाऱ्याच्या काळजाला हात घालणारं वाक्य. बेसबॉलच्या वहीत स्ट्राइकआउटची, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाल्याची, खूण असते इंग्रजी ‘के’. कोफॅक्सने शेवटचे सहाच्या सहा जण स्ट्राइकआउट केले होते. स्कली म्हणाला, की त्याच्या नावातला ‘के’ उरलेल्या अक्षरांपेक्षा जास्त उठून दिसेल. हे त्याने कागदावरून वाचलेलं नाही, तिथल्या तिथे सुचलेलं आहे. मी क्रिकेटच्या वहीत विकेटचे तसले ‘डब्ल्यू’ हजारो काढले, पण एकाबद्दलही असं काही सुचलं नाही.

1974 मध्ये अटलांटाला हँक एरनने बेब रूथचा होमरनचा (आपल्या षटकारासारखा फटका) विक्रम मोडला, तेव्हाही तो हेडफोन काढून मागे जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, अमेरिकेच्या खोल दक्षिणेत, जिथे वर्णभेद मुरलेला होता, एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. 1988 च्या वर्ल्ड सीरिजमधल्या डॉजर्सच्या कर्क गिब्सनच्या होमरनची गोष्ट मी सांगत नाही, ती जावयाकडून ऐका. त्यांना सांगायला आवडेल.

डॉजर्सच्या प्रक्षेपणात तो एकटाच बसायचा. शेजाऱ्याशी गप्पा मारण्यापेक्षा मला ऐकणाऱ्याशी बोलायचंय, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे क्रिकेटचे जुने कॉमेंटेटर बॉबी तल्यारखानही माइकवर दुसरा माणूस नको म्हणून अडून बसले होते, पण त्यांचा बाणा वेगळा. स्कलीचा सूर अंगणात खुर्ची ओढून बसलेल्या माणसाचा होता. असे सदुसष्ट हंगाम, एकाच संघासाठी.

तुम्ही पाहिलेली पाटी 2016 ची, त्याच्या शेवटच्या हंगामातली. त्याच वर्षी ओबामांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं. 2 ऑगस्ट 2022 रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

शेवटचा सामना 2 ऑक्टोबर 2016 चा, सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सविरुद्ध. ती तारीख त्याला तोंडपाठ होती. 2 ऑक्टोबर 1936 ला, आठ वर्षांचा असताना, शाळेतून घरी येताना एका चिनी लाँड्रीच्या खिडकीत त्याने वर्ल्ड सीरिजच्या सामन्याचा स्कोअर लावलेला पाहिला : यँकीज 18, जायंट्स 4. जायंट्स तेव्हा न्यूयॉर्कचेच. त्याला हरलेल्यांची दया आली आणि तो जायंट्सचा झाला. बरोबर ऐंशी वर्षांनी त्याच जायंट्सच्या मैदानावर त्याने माइक खाली ठेवला. त्या दिवशी जायंट्स 7-1 ने जिंकले.