स्वयंचलित, स्वयंचालित की स्वयंनियंत्रित?

प्रश्न : शेतीपंपाच्या स्टार्टरचं माहितीपत्रक मराठीत करताना ‘ऑटो स्विच’ला स्वयंचलित म्हणावं, स्वयंचालित की स्वयंनियंत्रित? आणि घरात केर काढत फिरणाऱ्या गोल रोबोला ‘यंत्रमानव’ चालेल का?

चलित-चालितचा निकाल सोपा आहे. ‘चल्’ धातूपासून चलित, म्हणजे चाललेलं. त्याच्या प्रयोजक रूपापासून चालित, म्हणजे चालवलेलं. विद्युतचालित, डिझेलचालित या शब्दांत चालवणारा कोण ते आधीच सांगितलेलं असतं. ‘स्वयं’च्या पुढे मराठीत चलितच रुळलं आहे. हिंदीतल्या ‘स्वचालित’कडे बघून काना वाढवू नये.

खरी गल्लत स्वयंनियंत्रितची. यंत्र आपोआप सुरू होतं, एवढ्यावर हा शब्द लावता येत नाही. परिस्थिती बघून ते स्वतःला आवरतं का, ते पाहायचं. जुन्या पद्धतीचा साधा ऑटो स्विच फक्त वीज आली एवढंच ओळखतो आणि मोटर सुरू करतो. विहिरीत पाणी आहे का, हे त्याला कळत नाही. पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रात्री वीज आली की एका डीपीवरचे, म्हणजे रोहित्रावरचे, सगळे ऑटो एकदम लागतात, व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग घेत नाहीत, करंट चढाच राहतो आणि शेवटी डीपी जळतो. अशा स्विचला स्वयंनियंत्रित म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. तो स्वयंचलित. त्यात ड्राय रन संरक्षण (पाणी नसलं की पंप थांबवणारं), सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर थांबवणारा) आणि उशिरा सुरू करणारा टायमर असेल, तरच स्वयंनियंत्रित हा शब्द शोभेल.

इचलकरंजीच्या मागांवर हा फरक नावांतच दिसतो. साधा यंत्रमाग विजेवर चालतो, पण आडव्या धाग्याची कांडी संपली की माग थांबवून धोटा (ती कांडी इकडून तिकडे नेणारा) बदलायला माणूस लागतो. ऑटोलूममध्ये कांडी आपोआप बदलते. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्यावर टांगलेली पत्र्याची पट्टी, म्हणजे ड्रॉपर, खाली पडते आणि माग आपणच थांबतो. या थांबण्याची किंमत टोयोटाच्या मूळपुरुषांनी मागांवरच ओळखली. जपानीत ‘जिदोका’ म्हणजे स्वयंचलन. टोयोटात तो शब्द लिहिताना त्यातल्या ‘हालचाल’ या अर्थाच्या अक्षराला माणसाची खूण जोडतात. उच्चार तोच, अर्थ मात्र ‘माणसाची समज असलेलं स्वयंचलन’.

माहितीपत्रकात तर संज्ञेपेक्षा सरळ वाक्य बरं : ‘स्विच ऑटोवर ठेवल्यास वीज येताच पंप आपोआप सुरू होईल. दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करा.’ बटणावर ‘ऑटो’च राहू द्या, शेतात तोच शब्द चालतो.

आता यंत्रमानव. कारेल चापेक यांच्या 1920 च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबोट’ जगभर गेला. शब्द सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे वेठ. म्हणजे अर्थाला धरून मराठी करायचं तर ‘वेठ्या’! गंमत अशी, की नाटकातले रोबोट धातूचे नव्हतेच, रासायनिक द्रव्यातून घडवलेले, हुबेहूब माणसासारखे होते. त्यांना ‘मानव’ शोभतं. तबकडीएवढ्या यंत्राला नाही. ‘केर काढणारा रोबो’ म्हणा. त्याचं नियंत्रणही मर्यादितच : पायरी ओळखायला तो खाली अवरक्त किरण सोडतो, आणि काळ्याभोर फरशीवरून ते परत आले नाहीत की सपाट जमिनीवरही पायरी समजून मागे फिरतो.