बूटलोडर लॉक आहे म्हणून नवा फोन नाकारायचा का?

फोनवर कंपनीच्या ऐवजी दुसरी सिस्टिम घालायची तर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, आधी अनलॉक करावा लागतो. सॅमसंगने 2025 मध्ये वन यूआय 8 ही आपली नवी सिस्टिम आणताना ती सोयच काढून टाकली. शाओमीने आपली हायपरओएस सिस्टिम आल्यापासून त्यासाठी अर्ज, कोटा आणि प्रतीक्षा लावली आहे. त्यामुळे या अंकात एकाच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : पंचवीस हजारांच्या आत फोन घ्यायचा आहे. वापर म्हणजे व्हॉट्सॲप, फोटो, बँक आणि यूपीआय. आधीचा फोन पाच वर्षं वापरला. भाचा म्हणतो, "मावशी, बूटलोडर कायमचा लॉक असलेला फोन घेऊ नकोस, पैसे तुझे आणि मालकी कंपनीची." त्याचं ऐकू का? (सांगली)

उत्तर : भाच्याचा मुद्दा खरा आहे, पण तुमच्या खरेदीत तो पहिला येत नाही.

बटण दाबल्यावर अँड्रॉइड दिसायच्या आधी जो छोटासा प्रोग्राम चालतो, तो बूटलोडर. चिपमध्ये कारखान्यातच पक्का बसवलेला कोड बूटलोडरची डिजिटल सही तपासतो आणि बूटलोडर पुढे अँड्रॉइडची. लॉक असलेल्या फोनमध्ये सही जुळली नाही तर फोन पुढे सरकत नाही. दुकानातला प्रत्येक नवा अँड्रॉइड फोन असा लॉकच असतो आणि तसाच असायला हवा. फोन चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर कुणी गुपचूप बदललेली सिस्टिम त्यात घालू शकत नाही. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तोही याच हेतूने : ज्याच्या हाती फोन लागला, त्याच्या हाती तुमचे फोटो लागू नयेत.

तेव्हा आज लॉक असणं आणि तो लॉक कधीच उघडता न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट तुम्हाला भिडते ती कंपनीचे अपडेट संपतील त्या दिवशी. म्हणून दुकानात आधी हे विचारा : या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? पिक्सेल 8 आणि गॅलॅक्सी एस 24 पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे. तुमच्या किमतीत ते बहुधा कमी मिळेल. ही वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, तुम्ही बिल फाडलं तेव्हापासून नाही. चार वर्षांचं आश्वासन असलेला फोन दोन वर्षांनी सेलमध्ये स्वस्त मिळाला, तर तुमच्या वाट्याला दोनच वर्षं उरतात.

बँकेच्या ॲपचाही यात संबंध आहे. फोन विश्वासार्ह आहे का, हे ॲप गुगलच्या प्ले इंटिग्रिटी या सेवेला विचारू शकतं. मे 2025 पासून अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनमध्ये सर्वांत वरच्या पातळीचा शेरा मिळायला गेल्या बारा महिन्यांतला सिक्युरिटी अपडेट लागतो. म्हणजे बूटलोडर लॉक असूनही, अपडेट थांबल्यावर वर्षभराने तो शेरा जातो. सगळ्या बँका एवढा कडक शेरा मागत नाहीत, पण मागू लागल्या तर तुमच्या हातात काही नाही.

पाच वर्षांचे सिक्युरिटी अपडेट शिल्लक असलेला फोन मिळत असेल तर लॉककडे न बघता घ्या. दोन फोन सारखेच आवडले, तर त्यातला अनलॉक होऊ शकणारा घ्या.

प्रश्न : मला फोन सहा-सात वर्षं चालवायचा आहे. अपडेट संपले की लिनिएज ओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मोफत बदली सिस्टिम) टाकेन. मग कोणती कंपनी बघू? (नाशिक)

उत्तर : लॉक हा खरेदीचा पहिला निकष होतो तो तुमच्यासारख्यांच्या बाबतीत. कंपन्यांची नावं पाठ करण्याआधी किल्ली कुठे ठेवली आहे ते बघा.

एका प्रकारात ती फोनमध्येच असते. पिक्सेल, नथिंग आणि चीनबाहेर विकलेले वनप्लस या प्रकारात येतात : सेटिंगमध्ये एक स्विच चालू करायचा आणि संगणकावरून एक कमांड द्यायची. पिक्सेलचा स्विच उघडायला एकदा इंटरनेट लागतं, एवढंच.

दुसऱ्या प्रकारात किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. मोटोरोला, सोनी आणि फेअरफोन फोनपुरता कोड देतात. शाओमी खात्याला परवानगी देते. या प्रकारात आज मिळणारी परवानगी उद्या बंद होऊ शकते आणि तशी ती झालेली आहे. हुआवेने 2018 मध्ये कोड देणं थांबवलं. एलजीने 2021 मध्ये फोनचा धंदा गुंडाळला आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला अनलॉकची सेवाही बंद केली. तोवर ज्यांनी कोड घेतला नव्हता त्यांचे फोन कायमचे लॉक राहिले. आसुसचं अनलॉक ॲप 2023 मध्ये गेलं आणि परत आलं नाही. म्हणून सर्व्हरवाला फोन घेतलात तर "अपडेट संपले की बघू" असं करू नका. मोटोरोलाचा कोड पहिल्याच आठवड्यात मागवून कागदावर उतरवून ठेवा. कोड घेतल्याने फोन अनलॉक होत नाही. तो वापराल तेव्हाच होतो. मात्र कोड मागतानाच वॉरंटीच्या अटी मान्य कराव्या लागतात, त्या आधी वाचा.

कोड मागताना हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. संगणकावरून "फास्टबूट ओईएम गेट अनलॉक डेटा" ही कमांड (फास्टबूट म्हणजे बूटलोडरशी बोलणारं साधन) मोटोरोलाला दिली की फोन चार-पाच ओळींची आकड्या-अक्षरांची माळ देतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात "बूटलोडर" लिहिलेलं असतं. ते शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा काढून, ओळी जोडून एकसलग माळ वेबसाइटवर चिकटवायची. एक मोकळी जागा राहिली तरी साइट "हा फोन अनलॉक होत नाही" असं सांगते आणि लोक तिथेच नाद सोडतात.

शाओमी, रेडमी, पोकोसाठी खातं किमान तीस दिवस जुनं हवं. शाओमी कम्युनिटी ॲपमधून अर्ज करायचा. रोजचा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला उघडतो आणि बघता बघता संपतो. परवानगी मिळाली की डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंगमधला लपवलेला विभाग) खातं फोनला जोडायचं. त्या वेळी वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू हवा. वायफायवर जोडणी होत नाही. त्यानंतरही प्रतीक्षा आहेच : 72 तासांपासून 168 तासांपर्यंत. मध्ये वैतागून खातं काढून परत जोडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं.

विवो आणि आयक्यूचे फोन या कामासाठी घेऊ नका. वन यूआय 8 पासून सॅमसंगही नको.

आणि अनलॉक होतो म्हणजे लिनिएज मिळेलच, असंही नाही. कुणीतरी त्या मॉडेलसाठी ते बांधून सांभाळायला हवं. लिनिएजच्या यादीत तुमचं मॉडेल आणि त्याचं सांकेतिक नाव तंतोतंत जुळतंय का बघा. एकाच नावाने विकलेल्या भारतातल्या आणि युरोपातल्या फोनमध्ये चिप वेगळी निघू शकते. 2018 मध्ये भारतात आलेल्या पोको एफ 1 ला कंपनीने अँड्रॉइड 10 पर्यंतच नेलं, पण तो हजारो जणांच्या हातात होता आणि अनलॉक होत होता, म्हणून लिनिएजने त्याला पुढच्या आवृत्त्या दिल्या. भरपूर खपलेलं मॉडेल घ्यायचं ते याचसाठी.

प्रश्न : जुना पिक्सेल अनलॉक करून बघायचा आहे. क्रम सांगा, आणि यूपीआय चालेल का तेही. (रत्नागिरी)

उत्तर : बॅकअप आधी. व्हॉट्सॲपचा वेगळा, ऑथेंटिकेटरचे कोड वेगळे. बॅटरी निम्म्याहून जास्त चार्ज हवी. केबल डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर अर्धा दिवस वाया जातो. संगणकावर गुगलचे प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूट ही साधनं त्यात असतात) उतरवून ठेवा.

फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा. संगणकावरून "एडीबी रीबूट बूटलोडर" द्या. मग "फास्टबूट डिव्हायसेस" देऊन फोनचा क्रमांक दिसतो का बघा. काहीच दिसत नसेल तर विंडोजमध्ये ड्रायव्हर नाही, किंवा यूएसबी हब मध्ये आहे. थेट संगणकाच्या पोर्टला लावा. दिसला की "फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक". फोनच्या पडद्यावर प्रश्न येतो, आवाजाच्या बटणाने "अनलॉक" निवडायचं आणि पॉवरने पक्कं करायचं. इथेच सगळा डेटा पुसला जातो. यापुढे प्रत्येक वेळी फोन सुरू होताना नारिंगी खुणेचा इशारा काही सेकंद दिसत राहील.

फोन कायमचा मरतो तो बहुतेकदा परत लॉक करताना. सिस्टिम बदललेली असताना लॉकची कमांड दिली की सही जुळत नाही आणि फोन सुरूच होत नाही. त्यातही ओईएम अनलॉकिंगचा स्विच आधी बंद केला असेल तर परत अनलॉकही करता येत नाही. म्हणून आधी गुगलच्या अँड्रॉइड फ्लॅश टूलने मूळ सिस्टिम पूर्ण घाला, फोन एकदा व्यवस्थित सुरू होऊ द्या, मग लॉक करा, आणि स्विच सर्वांत शेवटी. ग्राफीन ओएस ही पिक्सेलसाठीची बदली सिस्टिम स्वतःची सही बसवून लॉक करू देते, पण ती सोय बहुतेक इतर रॉममध्ये, म्हणजे अशा बदली सिस्टिममध्ये, नाही.

दुसरा खड्डा जुनी आवृत्ती घालण्याचा. नव्या बूटलोडरमध्ये मागे न जाण्याचा आकडा वाढवलेला असतो. पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6 ए वर अँड्रॉइड 13 आलं तेव्हा तो वाढला. त्यानंतर अँड्रॉइड 12 चा बूटलोडर त्यांच्यावर चालत नाही. रेडमी नोट 5 प्रोच्या वेळी तर शाओमीची तेव्हाची सिस्टिम एमआययूआय, तिची जुनी आवृत्ती घातल्यामुळे फोन ब्रिक (निकामी) झाले आणि सर्व्हिस सेंटरच्या अधिकृत खात्याशिवाय जागे होईनात.

यूपीआयचं उत्तर रोखठोक आहे : अनलॉक फोनवर भरवसा ठेवू नका. अँड्रॉइड 13 पासून प्ले इंटिग्रिटीची मधली पातळीही हार्डवेअरमधल्या पुराव्यावर चालते आणि बूटलोडर अनलॉक आहे ही गोष्ट त्या पुराव्यात लिहिलेली असते. ती झाकायच्या युक्त्या फिरत असतात, पण त्या आज चालतात आणि पुढच्या आठवड्यात बंद पडतात. भाजीवाल्यासमोर उभं राहून ते कळणं बरं नाही. अनलॉक फोन दुसरा फोन म्हणूनच ठेवा. काही फोनमध्ये वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची पातळी एल 1 वरून एल 3 वर घसरते आणि नेटफ्लिक्स एचडी देत नाही, हेही धरून चाला.

पिक्सेल मूळ सिस्टिमसह परत लॉक केला की हे सगळं पूर्ववत होतं. सॅमसंगमध्ये मात्र चिपमधला एक फ्यूज जळतो आणि नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा आकडा शून्याचा एक होतो; नंतर लॉक केलं तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग वॉलेट परत येत नाहीत.

प्रश्न : बहिणीने अमेरिकेतून पिक्सेल पाठवला. सिम चालतं, पण ओईएम अनलॉकिंगचा स्विच राखाडी आहे, दाबलाच जात नाही. (डोंबिवली)

उत्तर : आधी वायफाय जोडून थोडा वेळ थांबा, मग फोन एकदा बंद-चालू करून बघा. तरीही राखाडीच राहिला तर तो व्हेरायझन या अमेरिकी मोबाइल कंपनीने विकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सिमचा लॉक सुटला तरी त्यांच्या पिक्सेलचा बूटलोडर उघडत नाही. पुढच्या वेळी बहिणीला गुगलच्या दुकानातून, कोणत्याही नेटवर्कशी न जोडलेला घ्यायला सांगा. हप्त्यावर घेतलेल्या फोनचा ईएमआय लॉक ही तिसरीच गोष्ट; तो हप्ते फिटल्यावर फायनान्स कंपनी काढते.

प्रश्न : सेकंड-हँड फोन घेताना आधीच्या मालकाने काही उद्योग केलेत का, कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

उत्तर : पैसे देण्याआधी फोन स्वतःच्या हाताने बंद करून चालू करा आणि पहिली दहा सेकंदं नजर हलवू नका. बूटलोडर अनलॉक आहे, सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी इशारा किंवा उघड्या कुलपाचं चित्र दिसलं तर तो फोन अनलॉक आहे. मग डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. ओईएम अनलॉकिंगखाली "बूटलोडर आधीच अनलॉक आहे" असं लिहिलेलं सापडेल. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटखाली प्ले प्रोटेक्टचा दाखला आहे, तो "प्रमाणित" हवा. पण तो दाखला फसवता येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. सॅमसंग असेल तर डाउनलोड मोडमध्ये (सिस्टिम घालण्यासाठीचा पडदा) नॉक्स वॉरंटीच्या ओळीत शून्य आहे का बघा.

अनलॉक फोन स्वस्तात मिळत असेल आणि तुम्हाला रॉमच टाकायचा असेल तर खुशाल घ्या, घरी आल्यावर मूळ सिस्टिम स्वतः घालून सुरुवात करा. आईला बँकेसाठी द्यायचा असेल तर विक्रेत्याला त्याच्यासमोर मूळ सिस्टिम घालून, लॉक करून, इशारा गेल्याचं दाखवायला सांगा. लॉक करताना डेटा पुन्हा पुसला जातो, तेव्हा त्याचं गुगल खातं त्याआधी काढून घ्या, नाहीतर फोन सुरू होताच त्याचा पासवर्ड मागेल.