मोनो झाला होता, ताप उतरलाय. तरी डॉक्टर कबड्डी खेळायला नको का म्हणतात?

कारण ताप गेला तरी प्लीहा (स्प्लीन, पोटातला एक अवयव) सुजलेली असू शकते. मोनो म्हणजेच मोनोन्यूक्लिओसिस हा आजार बहुतेकदा एपस्टीन-बार विषाणूमुळे, लाळेतून होतो. सुजलेला घसा आणि मानेच्या गाठी तरी जाणवतात. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा मात्र गुपचूप वाढते. क्वचितच, पण धक्क्याने ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आजार सुरू झाल्यापासून किमान 3 आठवडे अंगाला अंग भिडणारे खेळ आणि जड वजन उचलणं बंद. पुढचं डॉक्टर तपासून ठरवतील. पोटात वर डावीकडे किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, त्याला लगेच घाबरू नका. आणि घरात उरलेली अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) तर अजिबात नको! विषाणूवर ती चालत नाही, उलट अंगभर पुरळ उठू शकतं.