बाजारातून आणलेल्या कालवडींना लंपी: आधी कानातला बिल्ला बघा

शहापूरच्या दादा, बाजारातून कालवडी आणल्या, आठवड्याभरात ताप, अंगावर गाठी, पायाला सूज, त्यातली एक दगावली, असं तुम्ही लिहिलंय. ही लक्षणं लंपीची, म्हणजे गाई-बैलांच्या विषाणूजन्य त्वचारोगाची वाटतात. मुरबाडला आमच्या गोठ्यात २०२२ ला अगदी हेच झालं होतं. आजारी जनावर वेगळं बांधा, गोमाश्या-डास-गोचीड आवरा, हे तुम्हाला माहीतच असणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. मेलेलं वासरू पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर ऑनलाइन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघून घ्या. त्या वर्षी सरकारने गाईला ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार मदत जाहीर केली होती. आमचा पंचनामा झाला, फोटो झाले, तरी एका कार्यालयातून फाईल परत. का, तर बिल्ला विकणाऱ्याच्या नावावर! बाजाराची पावती दाखवली तर म्हणे तिच्यावर बिल्ल्याचा नंबर कुठाय? विकणारा फोन उचलेना, नाव कोण बदलणार ते कुणी सांगेना, साहेब कायम मीटिंगला. एक रुपया मिळाला नाही. वासरं गेल्यापेक्षा त्या खेट्यांनी मी जास्त खचलो. आता नियम बदलले असतील, रक्कमही विचारूनच घ्या.

लसीचं म्हणाल तर गाडीतून उतरवल्या-उतरवल्या टोचून लगेच कळपात सोडणं मला पटत नाही. लंपीसाठी गाईंना शेळ्यांच्या देवी रोगाची लस टोचतात, ती अंगी लागायला तीनेक आठवडे जातात, आणि रोग अंगात असूनही गाठी दिसायला कधी कधी चार आठवडे लागतात. म्हणून नवीन जनावर २८ दिवस लांबच. जागा नसेल तर कमी आणा, स्पष्टच सांगतो. टोचणारा प्रत्येक जनावराला नवी सुई घेतो का, तेही उभं राहून बघा. एकाच सुईने गोठाभर रोग फिरतो.

आणि ते सगळ्यांना सरसकट अँटिबायोटिक टोचणारे गावातले 'डॉक्टर' आधी बंद करा. विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. गाठी फुटून चिघळल्या किंवा न्यूमोनिया झाला तर लागतं, पण ते पशुवैद्यकाने ठरवायचं. १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइन नंबरवर फोन लावा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस मला विचारू नका. बिल्ल्याचं नाव बदलायचा अर्ज मात्र लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.