वाचक विचारतात : डोंगरातल्या गोष्टी कशा जपाव्यात?

प्रश्न : अमेरिकेतल्या एका शिक्षकाने डोंगरातल्या लोककथा जमवल्याचे ऐकले. ते कोण? त्यांची पद्धत आमच्या शाळेत वापरता येईल का?
– प्राथमिक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : लेनर्ड रॉबर्ट्स (१९१२–१९८३). जन्म पूर्व केंटकीतला, म्हणजे ॲपलाचियन डोंगरातलाच. बेरीआ इथल्या शाळेत शिकवताना त्यांनी वर्गातल्या मुलांकडून घरी ऐकलेल्या गोष्टी मिळवल्या आणि पुढे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ते सांगणाऱ्यांच्या घरी पोचले. १९५५ साली त्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला. त्याच्या नावात लेस्ली जिल्ह्यातल्या एका ओढ्याचे नाव आहे.

त्यांचे खरे मोठेपण गोष्टींच्या संख्येत नाही. सांगणाऱ्याची बोली त्यांनी शक्यतो तशीच ठेवली आणि गोष्ट कोणाची, कुठली, हे नोंदवले. त्याच डोंगरातल्या, जॅक नावाच्या मुलाच्या गोष्टींचा रिचर्ड चेस यांचा संग्रह १९४३ मध्ये आला. तो वाचायला सुरेख आहे, पण त्यात अनेकांची कथने एकत्र गुंफलेली आहेत. कोणता तुकडा कोणाचा, हे आता सोडवता येत नाही. आमचा कौल रॉबर्ट्स यांना.

तुमच्या शाळेत हे नक्की जमेल. मुलांना ‘लोककथा लिहून आणा’ असे मात्र सांगू नका. ती पाठ्यपुस्तकातली उतरवून आणतील. ‘आजी झोपताना काय सांगते?’ असे विचारा. आणि मुलाने लिहून आणलेल्या डांगी बोलीवर लाल पेन चालवू नका. एकदा प्रमाण मराठी केले की मूळ शब्द परत मिळत नाही. अर्थ हवा असेल तर तो समासात लिहा.

प्रश्न : फोनवर केलेली ध्वनिमुद्रणे अस्पष्ट येतात. ‘स’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत.
– शिक्षक, जव्हार

उत्तर : फोन बहुधा एएमआर या आवाज दाबून लहान करणाऱ्या प्रकारात साठवत असेल. त्याच्या नेहमीच्या रूपात साधारण साडेतीन किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो आणि ‘स’-‘श’चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो. आवाज न दाबता साठवणारा डब्ल्यूएव्ही प्रकार निवडा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला अर्धा जीबी लागतो, म्हणून आधी जागा बघून घ्या. फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला, घडी घातलेल्या कापडावर ठेवा. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’चा फुंकर आदळतो, नुसत्या पाटावर ठेवला तर प्रत्येक धक्का उमटतो. पंखा बंद. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात मुद्रण करूच नका.

सुरुवातीला तारीख, पाडा, सांगणाऱ्याचे नाव आणि गोष्ट कोणाकडून ऐकली हे मोठ्याने बोलून घ्या. ऐकणाऱ्यांचा ‘हूं’ कापू नका. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो, म्हणून समोर एक-दोन मुले बसवाच. फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवली तर आवाज पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याच संध्याकाळी दोन प्रती करा, तिसरी दुसऱ्या गावी ठेवा. आणि उतरवून काढायला वेळ राखा : एका तासाच्या कथनाला सहा ते आठ तास सहज जातात, बोली अनोळखी असेल तर त्याहून जास्त.

प्रश्न : सांगणाऱ्या आजी दिवसा बोलायला तयार नाहीत. आग्रह करावा का?

उत्तर : करू नये. दिवसा गोष्ट सांगू नये, असे अनेक ठिकाणी मानतात. रात्री जेवणे उरकल्यावर जा. घांगळी या तंतुवाद्यावर भगत गातो ती देवादिकांची कथने विधीची असतात. ती अवेळी मागू नका. परवानगी दोनदा घ्या. एकदा मुद्रणाआधी आणि एकदा ऐकवून झाल्यावर, कारण आपण काय बोललो हे त्यांना तेव्हाच नीट कळते. त्यांनी ‘एवढे काढा’ म्हटले तर तेवढे काढा. छापताना त्यांची संमती असेल तर गोष्टीखाली त्यांचेच नाव द्या, शाळेचे नव्हे.